पाचवी तार

फोन वाजला तेव्हा गणपत घाडी लालबागच्या चिवडा गल्लीत शिडीवर उभा होता. एका फरसाणवाल्याच्या दारावर कॅमेरा बसवायचा होता. दोन स्क्रू ओठांत, तिसरा बोटांत. फोनवर नाव दिसलं, जयकरबाई. त्याने ओठांतले स्क्रू खिशात टाकले आणि फोन उचलला.

"घाडी, कुठे आहात?"

"लालबागला, बाई. का?"

"असाल तसे निघा. मशीन चुकीचं छापतंय. तीन वाजता परीक्षा आहे."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. यशोदा जयकर कधी घाईने बोलत नसत. गिरगावात वाढलेल्या, आवाज स्वच्छ, प्रत्येक शब्द मोजून मापून टाकलेला. आज 'परीक्षा' म्हणताना त्यांचा श्वास पुरला नव्हता. गणपतने शिडी तशीच ठेवली, फरसाणवाल्याला "आलोच, शेठ" म्हटलं आणि हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली.

दादर पूर्वेला, नायगावकडे वळणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर जयकरबाईंचं ब्रेल छापखान्याचं काम चाले. दोन खोल्या. एका खोलीत कागदाचे गठ्ठे, दुसऱ्या खोलीत ठिपके उठवणारं परदेशी मशीन आणि ते चालवणारा वीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर. बाई स्वतः चौथ्या वर्षापासून अंध. छापलेलं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

गणपतचं सगळं आयुष्य अशा जुन्या कॉम्प्युटरांत गेलं होतं. बाप गिरणीत, आणि हा फोर्टपासून परळपर्यंतच्या हापिसांत टेबलांखाली शिरून पोर्ट तपासणारा. 'घाडीने ओके म्हटलं की ओके,' असं तेव्हा लोक म्हणत. आता सत्तावन्न वय झालं, ते कॉम्प्युटर भंगारात गेले आणि तो कॅमेरे बसवू लागला. जुन्या गिऱ्हाइकांतल्या एकट्या जयकरबाई राहिल्या होत्या. त्यांचं मशीन नव्या कॉम्प्युटरला ओळखत नव्हतं आणि नवं मशीन घेण्याची त्यांची ऐपत नव्हती.

गेल्याच शनिवारी तो येऊन साफसफाई, तपासणी करून गेला होता. ओके म्हणून गेला होता.

तो पोचला तेव्हा बारा वाजत आले होते. बाई मशीनपाशी उभ्या होत्या, समोर छापलेल्या पानांची लांबलचक पट्टी जमिनीपर्यंत लोंबत होती. खुर्चीवर तिशीतला एक माणूस फाइल मांडीवर घेऊन बसला होता.

"हे विक्रांत चुरी," बाई म्हणाल्या. "परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे अधिकारी. लिपिकाच्या भरतीची परीक्षा आहे, परळच्या शाळेत. चौदा अंध उमेदवार. प्रश्नपत्रिकेचं पाकीट नियमाने आज अकरालाच फुटतं. आधी छापता येत नाही, दुसरीकडे पाठवता येत नाही."

"आणि नाही छापली तर?" गणपतने विचारलं.

"तर वाचक," चुरी म्हणाला. "एक माणूस वर्गात उभा राहून प्रश्न वाचून दाखवेल. तशी सोय आहे नियमात."

"चौदा जणांना एक वाचक," बाई म्हणाल्या. "ऐकू आलं तर आलं. मागचा प्रश्न परत बघायचा तर हात वर करून थांबायचं. डोळस मुलं तेवढ्या वेळात दहा प्रश्न सोडवतात. घाडी, मला ती सोय नको आहे."

चुरीने घड्याळ पाहिलं. "मला इथून दोन दहाला निघावंच लागेल. त्याआधी काय ते सांगा."

गणपत मशीनपाशी गुडघ्यांवर बसला. "नेमकं काय चुकतंय, बाई?"

बाईंनी पानावर बोट ठेवलं. "'सरळ' शब्द आहे, तिथे माझ्या बोटाला 'चबओ' लागतंय. पूर्णविरामाच्या जागी ड येतोय. आधी वाटलं फाइल खराब आहे. चुरींनी पडद्यावर पाहिलं, फाइल बरोबर आहे."

"मशीनची पिन तुटली असणार," चुरी म्हणाला. "ठिपका उठत नसेल."

"तसं नाही," बाई म्हणाल्या. "पिन तुटली तर ठिपका कमी होतो. स म्हणजे दोन, तीन, चार हे ठिपके. त्याचा च झालाय, एक आणि चार. पहिला ठिपका नव्हताच, तो आलाय. तुटलेली पिन नवा ठिपका कुठून आणणार? मशीनला जे सांगितलं ते त्याने इमानाने छापलंय. त्याला सांगितलंच चुकीचं जातंय."

गणपत त्यांच्याकडे बघत राहिला. पस्तीस वर्षं तो हे काम करत होता, पण इतकं सरळ निदान त्याने क्वचित ऐकलं होतं.

"दरवेळी स चा च होतो?"

"दरवेळी. त चा द. र चा ब. क, ग, म, न, ल यांना काही होत नाही. आणि आकडे सगळे बरोबर."

आकडे सगळे बरोबर. हे ऐकलं आणि गणपतची नजर मशीनच्या केबलकडे गेली. त्याने पिशवीतून मीटर काढला.

कॉम्प्युटरच्या पाठीमागून मशीनकडे जाणारी जाड केबल त्याने सोडवली. या वेळी आधी दोन्ही यंत्रांचे स्विच बंद केले, मग हात लावला. केबलची एकेक पिन मीटरने तपासली. पंचवीसच्या पंचवीस तारा शाबूत. मग उरला कॉम्प्युटरचा पोर्ट, तो पंचवीस भोकांचा, ज्यातून अक्षर बाहेर पडतं.

"अक्षर आठ तारांवरून जातं, बाई," तो सांगू लागला, थोडं त्यांना आणि थोडं स्वतःला. "प्रत्येक तार हो किंवा नाही सांगते. एक तार गप्प झाली, की ज्यांना तिचा 'हो' लागतो ती अक्षरं बदलतात. ज्यांना लागत नाही ती बरोबर येतात."

त्याने पिशवीच्या तळातून एक लहानसा प्लग काढला. स्वतः कथिलाने झाळून बनवलेला. तो पोर्टात खोचला की बाहेर गेलेला सिग्नल दुसऱ्या तारेने तिथल्या तिथे परत येतो, आणि कॉम्प्युटर स्वतःच सांगतो की कुठली तार बोलते, कुठली मुकी आहे. त्याने तपासणीची फ्लॉपी घातली. ड्राइव्ह कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. चुरी मागे येऊन उभा राहिला.

काळ्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या. पहिली तार ठीक. दुसरी ठीक. तिसरी, चौथी ठीक.

पाचवी: फेल.

त्याने पुन्हा चालवलं. पुन्हा पाचवी.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पोर्ट गेलाय. पाचवी तार."

"शनिवारी तर तुम्ही तपासला होता ना?"

शनिवार त्याच्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला. सायनला दुसरं काम होतं, उशीर होत होता. कॉम्प्युटर चालू, मशीन चालू, आणि त्याने तशीच केबल खोचली होती. खोचताना बोटांना बारीकसं 'चट्' जाणवलं होतं. त्याने ते जाणवलंच नाही असं केलं. मग शून्य ते नऊ आकडे छापले. बाईंनी बोट फिरवून बरोबर म्हटलं, आणि विचारलं होतं, "बाराखडीही काढून बघू या का?" तो म्हणाला होता, "कशाला, बाई? आकडे आले म्हणजे सगळं आलं." आकड्यांना ती पाचवी तार लागतच नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला फक्त थांबायचं नव्हतं.

"जुनं झालंय, बाई," तो म्हणाला. "जुन्याचा काय भरवसा."

बाईंनी मान हलवली. बारा पन्नास झाले होते.

"यूएसबीला लावता येत नाही?" चुरीने विचारलं.

"हे सॉफ्टवेअर यूएसबीला जुमानत नाही, साहेब. पण आणखी एक वाट आहे." त्याने कॉम्प्युटरच्या पाठीवर हात फिरवला. पंचवीस भोकांच्या शेजारी एक लहान पोर्ट होता, नऊ पिनांचा. "सिरियल. इथून एकाच तारेवरून एकामागून एक असं सगळं जातं. मशीनलाही मागे तसा पोर्ट आहे. कुणी कधी वापरला नसेल, पण आहे."

"तो चालतो?"

"तेच बघायचंय."

त्याने टेबलावरच्या कागदाची क्लिप घेतली, सरळ केली आणि नऊपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेला एकत्र टेकवली. पाठवलेलं परत यायला हवं. क्लिप निसटली. पुन्हा धरली. "साहेब, कीबोर्डवर एक अक्षर दाबा. कुठलंही."

चुरीने दाबलं. पडद्यावर टी उमटला. क्लिप काढली, दाबलं, काही नाही. लावली, टी.

"जिवंत आहे," गणपत म्हणाला.

त्याच्या पिशवीत मोडेमच्या काळातली एक सिरियल केबल होती. ती त्याने जोडली, या वेळीही सगळं बंद करून. मशीनच्या पोटातले बारीक स्विच पेनच्या टोकाने वरखाली केले आणि नेहमीचा वेग लावला. मशीन धडाडून चालू झालं. पहिलं पान सरकलं. बाईंची बोटं त्यावर धावली.

"बरोबर! सरळ म्हणजे सरळ. पूर्णविराम जागेवर."

चुरीने हुश्श केलं. गणपत मात्र थांबला होता. दुसरं पान आलं. बाईंचं बोट पानाच्या मध्यावर अडकलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"घाडी, इथे अक्षरं गळली आहेत. अर्धी ओळच नाही."

त्याला वाटतच होतं. या केबलमध्ये तीनच तारा होत्या. 'थांब, माझं पोट भरलंय' असं मशीनने कॉम्प्युटरला सांगायची तार तिच्यात नव्हती. कॉम्प्युटर ओतत राहिला, मशीनचं भांडं भरलं आणि उरलेलं सांडलं. नवी केबल झाळायची तर तासभर हवा, आणि ती नीट होईल याची खात्री नाही. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

तो जमिनीवर बसला. चुरीने फोन हातात घेतला. "मी वाचकाला सांगून ठेवतो."

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटं द्या त्यांना."

बाहेर कुणी भंगारवाला ओरडत गेला. गणपतने डोळे मिटले. भांडं भरतं कारण ओतणारा जोरात ओततो. मशीन सेकंदाला चाळीस अक्षरं छापतं. आपण तीसच पाठवली तर? भांडं भरणारच नाही. मग 'थांब' म्हणायची गरजच काय?

"हळू," तो उठत म्हणाला. "सगळ्यात खालच्या वेगावर टाकतो. मशीनपेक्षा हळू बोलायचं, म्हणजे काही सांडणार नाही."

"किती हळू?"

"एका प्रश्नपत्रिकेला पाच मिनिटं. एक वीसला सुरू केलं तर चौदाव्याला अडीच वाजतील."

चुरी काही बोलणार होता, पण बाई म्हणाल्या, "सुरू करा."

मशीन चालू झालं. नेहमीचा धडधडाट नव्हता. ठक्, ठक्ठक्, ठक्. म्हाताऱ्याने जिना चढावा तसं. पहिली प्रश्नपत्रिका आठ पानांची. बाईंनी सगळी आठ पानं शब्दन् शब्द वाचली, तोवर दुसरी छापून झाली होती. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. पुढे त्या प्रत्येक संचाच्या दोन पानांवर बोट फिरवत, कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत, पानं जुळवत आणि दोरा बांधत. चुरी पाकिटं मोहोरबंद करत होता.

सहावा संच चालू असताना चुरीने फाइल उघडली आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाला, "बाई, मला अहवालात कारण द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका. मी लिहितोय, 'यंत्रणा जुनी व बेभरवशाची. पुढील परीक्षांचं काम या ठिकाणी देऊ नये.'"

बाईंचा हात पानावर थांबला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त दोरा बांधायला घेतला तो दोनदा सुटला.

गणपत मशीनकडे बघत राहिला. आपण गप्प बसलो तर कुणाला कळणार नव्हतं. जळालेला पोर्ट काही बोलत नाही. त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"साहेब, ते खोडा."

"काय?"

"मशीनची चूक नाही. माझी आहे. शनिवारी मी चालू मशीनला केबल खोचली. तसं करायचं नसतं, शिकाऊ पोराला पण माहीत असतं. पोर्ट तेव्हाच जळला. आणि मी नुसते आकडे छापून ओके म्हणून गेलो. बाई म्हणाल्या होत्या बाराखडी छापू. मी नको म्हटलं."

ठक्, ठक्ठक्. पान सरकत होतं.

"मघाशी विचारलं तेव्हा जुनं झालंय म्हणालात," चुरी म्हणाला.

"खोटं बोललो."

चुरीचा चेहरा लाल झाला. "आता काय बोलायचं तुम्हाला? चौदा जणांच्या नोकरीचा प्रश्न आहे हो! आणि दोन दहाला मी दहा संच घेऊन निघणार. उरलेले चार तुमच्या भरवशावर सोडू?"

"माझ्या भरवशावर सोडा," बाई म्हणाल्या. आवाज पुन्हा मोजून मापून टाकलेला. "चारही संच एकाच पाकिटात जातील, मोहोर मी लावीन, पाकीट माझ्या मांडीवर राहील. घाडी फक्त स्कूटर चालवतील."

त्या गणपतकडे वळल्या नाहीत. त्याला वाटलं, त्यांनी ओरडावं. त्यांनी पुढचं पान ओढून घेतलं.

दोन दहाला चुरीने मोहोर आणि एक मोठं पाकीट बाईंपाशी ठेवलं आणि दहा पाकिटं घेऊन तो टॅक्सीत बसला. "दोन पन्नासला मी वर्गाचं दार लावणार," तो जाता जाता म्हणाला. "पन्नास म्हणजे पन्नास."

तेराव्या संचात कागद तिरका ओढला गेला. एक पान चुरगळून मशीनच्या तोंडात अडकलं. गणपतने मशीन थांबवलं, चिमट्याने कागदाचा तुकडा तुकडा बाहेर काढला. घाम डोळ्यांत जात होता. पान पुन्हा पाठवलं. सहा मिनिटं गेली. चौदावा संच बाहेर आला तेव्हा दोन छत्तीस झाले होते.

बाईंनी शेवटच्या पानावर बोट फिरवलं, चारही संच पाकिटात घातले आणि मोहोर लावली. "चला."

स्कूटरवर मागे बसून त्यांनी एका हाताने पाकीट आणि घडीची पांढरी काठी छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने गणपतचा खांदा. हिंदमाताला सिग्नल लाल. पुढे एक टेम्पो मागे घेत होता, निम्मा रस्ता अडवून. गणपतने हॉर्नवर अंगठा दाबून धरला. "ओ भाऊ, परीक्षेचे पेपर आहेत!" टेम्पोवाल्याने मान बाहेर काढली, मागे पांढऱ्या काठीवाली बाई पाहिली आणि गाडी तिथल्या तिथे थांबवून हाताने वाट दाखवली. फुटपाथ आणि टेम्पो यांच्यामधून स्कूटर निघाली. बाईंची बोटं खांद्यात रुतली.

शाळेच्या फाटकात दोन सत्तेचाळीस. चुरी पायऱ्यांवर उभा होता. त्याने मोहोर बघितली, पाकीट घेतलं आणि तो जिना चढला.

बाई पायरीवर बसल्या. गणपतही बसला, दोन पायऱ्या खाली. घडीची काठी मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "पोर्ट जळतो, घाडी. माझ्याकडूनही उद्या जळेल. पण मी विचारलं आणि तुम्ही ऐकून घेतलं नाहीत."

"हो, बाई."

"आंधळ्या बाईला आकड्यांवर गप्प करता येतं, असं वाटलं?"

"तसं नाही, बाई... घाई होती." मग तो थांबला. "काय सांगू? काही सांगण्यासारखं नाही."

"मग नका सांगू." त्या उठल्या, काठी उघडली. "मला शिक्षकांच्या खोलीपर्यंत सोडा. चुरींच्या कागदावर सही करायची असेल ना तुम्हाला."

त्याने सही केली. 'चूक तंत्रज्ञाची, छापखान्याची नाही,' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, खाली नाव आणि फोन नंबर. चुरीने आधीची ओळ खोडली. कामाचं काय होणार ते मात्र त्याने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

फरसाणवाल्याचे दोन फोन येऊन गेले. गणपतने "संध्याकाळी येतो" म्हणून सांगितलं आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसून राहिला. आतून कुणाच्या वाचण्याचा आवाज येत नव्हता. पानं उलटल्याचा तेवढा येत होता, जाड कागदाचा.

पाच वाजता दार उघडलं. एक एक जण काठी टेकत बाहेर पडू लागला. पहिली बाहेर आली ती बावीस-तेवीसची मुलगी, गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं अक्षदा. गणपत बाकावरून उठला.

"बाळा, पेपर कसा होता गं?"

ती आवाजाच्या दिशेने वळली. "कठीण होता, काका. गणितं फार होती. वेळ पुरला नाही."

"नाही, वाचायला कसा होता? अक्षरं?"

"वाचायला?" प्रश्न तिला कळलाच नाही. "वाचायला काय? नेहमीसारखा."

"नेहमीसारखा," गणपत म्हणाला.

ती काठी टेकत जिन्याकडे गेली. तो तिथेच, हातात हत्यारांची पिशवी धरून उभा राहिला, सगळे चौदा जण खाली उतरेपर्यंत.